दोन गाड्या, एक तक्ता आणि नववीतला एक प्रश्न



आज एका तासाबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात गाडीपासून करतो. कारण तो तास गाडीमुळेच घडला.

मी सोनईजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वय ५३. नोकरी लागल्यापासून शाळेत मोटारसायकलवरच जातो. घरी चारचाकी नव्हती. गेल्या वर्षी सप्टेंबरात जीएसटी कमी झाला आणि शिक्षकांच्या खोलीत गाड्यांशिवाय दुसरा विषय उरला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के, असे दोन सरळ दर झाले. आमच्याही घरात ठरलं, या दिवाळीत गाडी घ्यायची.

कोणती घ्यायची, इथं मात्र गाडं अडलं.

सगळ्यांना वाटेल की मुलाला स्पोर्टी गाडी हवी असेल आणि बापाला संसारी. आमच्याकडे उलटं होतं. स्पोर्टी गाडी मला हवी होती.

हे कबूल करायला मला जरा जड जातं. पण २००० च्या सुमारास वर्तमानपत्रात एक फोटो पाहिला होता. टाटांनी 'आरिया' नावाची दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी मोटार प्रदर्शनात मांडली होती. बुटकी, उतरत्या पाठीची, आणि आपल्या देशातल्या कंपनीची! मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. ते कात्रण कितीतरी दिवस माझ्या पाठ टाचणाच्या वहीत होतं. ती गाडी विक्रीला कधीच आली नाही. पुढं २०१० मध्ये तेच नाव टाटांनी एका सात आसनी, मोठ्या कुटुंबाच्या गाडीला दिलं. तोपर्यंत माझंही लग्न, दोन मुलं, घराचं कर्ज असं सगळं झालं होतं. नावाचं जे झालं तेच आपलंही झालं, असं म्हणून मी हसलो होतो. पण ती उतरती पाठ काही डोक्यातून गेली नाही.

कूपे, सेडान आणि डिकी

शिक्षक आहे, त्यामुळे शब्दांत शिरल्याशिवाय राहवत नाही. 'कूपे' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ 'कापलेला'. घोडागाडीच्या काळात मोठ्या बग्गीची एक बाजूची आसनं कापून दोघांपुरती छोटी बग्गी करत, ती कूपे. रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोन बर्थचा कूपे आपल्याला माहीतच आहे, शब्द तोच. मोटारीत कूपे म्हणजे मूळची दोन दारांची, मागं उतरत जाणाऱ्या छपराची गाडी. 'सेडान' म्हटलं की इंग्रजांची जुनी 'सेडान चेअर' आठवते. दोन भोयांनी उचलून न्यायची बंद खुर्ची, म्हणजे आपला मेणाच. आणि आपण सगळे जिला 'डिकी' म्हणतो, तो शब्द आला जुन्या दोन आसनी गाड्यांच्या मागं उघडणाऱ्या जादा आसनावरून. म्हणजे आपण आज जिथं गव्हाची पोती ठेवतो, तिथं एके काळी माणूस बसत होता.

खऱ्या दोन दारांच्या कूपे आपल्याकडे परदेशी कंपन्यांच्या आणि फार महाग. शिक्षकानं त्या फक्त बघायच्या. आमच्या सोनईतून बघायला मिळतातही. शिर्डीहून राहुरीमार्गे शनिशिंगणापूरला जाणारी वाहतूक गावातूनच जाते. शनिवारी आणि शनी अमावास्येला तर मुंबईच्या, गुजरातच्या एकेक गाड्या जातात. एकदा तशी दोन दारांची गाडी चहाच्या टपरीपुढं थांबली, तर टपरीवाला म्हणाला, "सर, चार दारं सोडून दोनच दारं, तरी किंमत जास्त! मग शिंगणापूरच्या घरांना तर दारंच नाहीत, त्यांची किंमत काय लावायची?"

पण २०२४ मध्ये टाटा कर्व्ह, सिट्रोएन बसाल्ट अशा गाड्या आल्या. दारं चार, उंची एसयूव्हीसारखी, आणि छप्पर कूपेसारखं मागं उतरतं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता आपल्यालाही जमेल. दुसऱ्या बाजूला होती चार मीटरच्या आतली साधी सेडान.

गंमत बघा, ही सेडानसुद्धा एका अर्थानं कापलेलीच आहे. चार मीटरपेक्षा लांबी कमी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत किंवा डिझेल १५०० च्या आत असेल तर कर कमी लागतो. म्हणून २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची लांबी कमी करून 'इंडिगो सीएस' आणली. २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायरचीही पाठ आखूड झाली. कूपेची पाठ दिसण्यासाठी उतरती केली, सेडानची करासाठी तोडली. (मी कोणत्या गाड्या बघितल्या, कोणती घेतली, ते मुद्दाम लिहीत नाही. हा जाहिरातीचा लेख नाही.)

घरातली मतं

मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो फोनवर म्हणाला, "पप्पा, सेडान घ्या. ॲव्हरेज चांगलं, हप्ता कमी. पण तुम्हाला ती दुसरी आवडली असेल तर ती घ्या, हप्ता मी भरतो."

त्याच्या या बोलण्यानं प्रश्न सुटायच्या ऐवजी वाढला. मुलाच्या हप्त्यावर हौस करायची? मनाला पटेना.

बायको मात्र माझ्या बाजूनं. "अहो, आयुष्यभर सगळं सोयीचंच बघत आलात. शर्टसुद्धा मळखाऊ रंगाचा घेता. एकदा तरी स्वतःसाठी घ्या."

आई ७८ वर्षांची. गुडघे दुखतात, आणि डोळ्याच्या इंजेक्शनसाठी महिन्यातून दोनदा नगरला न्यावं लागतं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण आईच्या तोंडी अजून नगरच. साधारण चाळीस किलोमीटर. दर वेळी भाड्याची गाडी. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तुला परवडंल ती घे."

फळ्यावरचा तक्ता

नववीला सांख्यिकीचा धडा शिकवून झाला होता. म्हटलं, पुस्तकातली उदाहरणं पुरे, घरचंच उदाहरण घेऊ. फळ्यावर तक्ता काढला. पाच मुद्दे: रूप, चालवण्याचा आनंद, किंमत आणि हप्ता, मागची सीट, डिकी. प्रत्येक मुद्द्याला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन दिलं, आणि प्रत्येक गाडीला दहापैकी गुण.

माझी वजनं अशी होती: रूप ५, आनंद ५, हप्ता ३, मागची सीट २, डिकी २. कूपेला गुण ९, ९, ५, ६, ८. सेडानला ६, ६, ९, ७, ६. (डिकीत कूपेला जास्त गुण बघून चकित होऊ नका. कंपन्यांच्याच आकड्यांनुसार कर्व्हची डिकी ५०० लिटरची आणि आखूड पाठीच्या डिझायरची ३८२ लिटरची आहे. 'संसारी म्हणजे डिकी मोठी' हा माझाही गैरसमजच होता.)

मुलांनी गुणाकार करून बेरजा केल्या. कूपे १३३, सेडान ११३. मी खूश. गणितानंच सांगितलं म्हटल्यावर काय!

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. एरवी फारसं न बोलणारी मुलगी. तिनं विचारलं, "सर, वजनं कुणी ठरवली?"

मी म्हणालो, "मी ठरवली."

"मग मागच्या सीटला दोनच का? मागच्या सीटवर बसणाऱ्याला विचारलं का?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण आतून चपापलो. कारण खरं सांगायचं तर उत्तर मला आधीच माहीत होतं. उत्तर आधी ठरवून मी वजनं मागून बसवली होती.

मी खडू तिच्या हातात दिला. मुलांनी आपसात चर्चा करून नवी वजनं लिहिली: रूप २, आनंद ३, हप्ता ५, मागची सीट ४, डिकी ३. वजनांची बेरीज पहिल्यांदाही १७, आताही १७. गाड्यांचे गुण एकानंही बदलले नाहीत. नवी उत्तरं आली कूपे ११८, सेडान १२१. निकाल फिरला!

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आनंदाचं वजन सीझनमध्ये आणखी कमी करा. ट्रॉलीमागं अडकल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच." त्याचे वडील ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात. त्याचं म्हणणं खोटं नाही. मुळा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की इथल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांची रांग असते. रात्री तर जास्तच जपावं लागतं, कारण सगळ्याच ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर असतात असं नाही. मग त्याच तासात आम्ही वेगाचंही गणित केलं. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ताशी ९० नं २५ मीटर. म्हणजे समोर ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच आठ मीटरचा फरक. शिवाय वेग दीडपट झाला की गाडीची गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते, ती सगळी ब्रेकला जिरवावी लागते. पुस्तकातलं सूत्र त्या दिवशी मुलांना कुणी पाठ करायला सांगावं लागलं नाही.

कॅलेंडरचा हिशेब

घरी आल्यावर स्वयंपाकघरातलं वर्षाचं कॅलेंडर काढलं. आमच्याकडे दूध, गॅस, लग्नं, दवाखाना सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. वर्षभरात चारचाकीची खरी गरज किती दिवस पडली ते मोजलं. दवाखाना २४ दिवस. लग्न, साखरपुडे, दशक्रिया मिळून २१. नगरची खरेदी आणि कामं १२. पुणे ८. देवदर्शन ६. एकूण ७१ दिवस. त्यातले मी गाडीत एकटा असतो असे दिवस फक्त ५. शाळेला मोटारसायकलच पुरते.

म्हणजे ज्या गाडीचं स्वप्न मी एकट्यानं बघत होतो, तिच्यात मी एकटा वर्षातून पाचच दिवस बसणार होतो.

तरीही माझं मन वाट काढत होतं. मनाला वकील लावावा लागत नाही. म्हटलं, बसणाऱ्याला विचारा म्हणाली ना ती मुलगी? चला, विचारू. आईला घेऊन नगरला गेलो, दोन्ही गाड्या दाखवायला.

उंच गाडीत आईला मागं चढवलं. सीट उंच, त्यामुळे गुडघ्यांना त्रास झाला नाही. पण आत शिरताना डोकं फार वाकवावं लागलं. बसल्यावर म्हणाली, "बसायला बरीय, पर बाहेरचं काय दिसंना." मग सेडान. तिथं डोक्याचा प्रश्न नाही, पण सीट खाली. "खड्ड्यात बसल्यावानी वाटतंय रे." उठताना मला हात द्यावा लागला. म्हणजे 'आईच्या गुडघ्यांसाठी सेडान' हा घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलेला मुद्दा तिथंच पडला.

तेवढ्यात तिथल्या मुलानं सेडानचं पुढचं दार उघडलं, सीट थोडी वर घेतली आणि म्हणाला, "आजी, इथं बसून बघा. आधी टेका, मग पाय आत घ्या." आई बसली. समोरच्या काचेतून बाहेर बघितलं, आणि तिचा चेहराच बदलला.

"मला हितंच बसवत जा," ती म्हणाली. "तुझ्या दादांनी लूनावर मागं कॅरेजवर बसवून सगळीकडं नेलं. पुढचा रस्ता कधी दिसलाच नाही मला. नुसती पाठ दिसायची त्यांची."

माझ्याकडे बोलायला शब्द नव्हते. १९७२ साली बाजारात आलेली ती कायनेटिकची लूना आमच्याकडे पुढं कैक वर्षं होती. त्या लूनावर आईला मागं बसलेलं मी लहानपणापासून बघितलं होतं. तिला पुढचा रस्ता बघायचा असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. माझ्या तक्त्यात मागच्या सीटला दोन गुणांचं वजन होतं. मुलांनी ते चार केलं. पण आईला मागची सीट नकोच होती!

दुसऱ्या गाडीतही तिला पुढं बसवून बघितलं. तीही सीट चांगलीच होती. त्यामुळे आता निर्णय आईवर ढकलायची सोय राहिली नाही. कूपे घेतली असती तरी ती खूश होती, सेडान घेतली असती तरी खूश. ठरवायचं मलाच होतं.

शेवटी काय घेतलं?

सेडान घेतली. कारण सांगतो.

माझी नोकरी पाच वर्षं राहिली आहे. हातात चार लाख होते. सेडानला पाच लाख कर्ज लागत होतं. ९ टक्के व्याजानं पाच वर्षांचा हप्ता साधारण १०,३८० रुपये, एकूण व्याज सव्वा लाखाच्या आत. दुसऱ्या गाडीला दहा लाख कर्ज. झेपेल असा हप्ता हवा तर मुदत सात वर्षं, हप्ता साधारण १६,०९० आणि व्याज साडेतीन लाखांच्या वर. म्हणजे निवृत्तीनंतरही दोन वर्षं हप्ते. ते मुलानं भरले असते, आनंदानं भरले असते. पण मग त्याच्या घराच्या कर्जाला तेवढा उशीर झाला असता. हे बघितल्यावर मी स्वतःच माझ्या तक्त्यात हप्त्याचं वजन वाढवलं. कुणी सांगितलं म्हणून वाढवलं नाही.

बायको अजून म्हणते, "हौस मारलीत ना शेवटी?" मी तिला सांगतो, मारली नाही, मोजली. हौस खोटी नव्हती. आनंदाला वजन शून्य दिलं असतं तर तोही तक्ता खोटाच झाला असता. पण एक गोष्ट मी पक्की ठरवली होती. हा त्याग म्हणून करायचा नाही. 'आईसाठी सोडली', 'मुलासाठी सोडली' असं मनात धरून सेडान घेतली असती, तर पाच वर्षं दर महिन्याच्या हप्त्याबरोबर मी त्यांच्या नावावरही काहीतरी मांडत गेलो असतो. आणि कधीतरी भांडणात ती उधारी तोंडातून बाहेर पडलीच असती.

पालकहो, इथं मला आपल्या सगळ्यांबद्दल बोलायचं आहे. दहावीचा निकाल लागला की घराघरांत असाच तक्ता मांडला जातो. विज्ञान की कला? नगरला ठेवायचं की गावातच? आपण मुलांना विचारतो, "तुला काय आवडतं ते सांग." मूल गुण देतं. पण वजनं आपण आधीच ठरवून ठेवलेली असतात. पगाराला पाच, पाहुण्यांत सांगायला चार, आवडीला एक. मग बेरीज करून म्हणतो, "बघ, तूच सांगितलंस ना!" आणि वरून आयुष्यभर ऐकवतो, "तुझ्यासाठी आम्ही काय काय सोडलं." शिक्षकही यात मागं नाहीत. 'हुशार' मुलाला कलाशाखेचा फॉर्म भरताना बघून मी स्वतः दोनदा टोकलं आहे. तेव्हा कुणी मला विचारलं नाही, सर, वजनं कुणी ठरवली?

पगाराला वजन देऊ नये असं मी म्हणत नाही. मीही हप्त्यालाच जास्त दिलं. पण ते वजन उघड लिहावं, आपलं आहे असं सांगून लिहावं, आणि ज्याला त्या सीटवर बसायचं आहे त्याला ते खोडायचा हक्क द्यावा.

वर्गात करून बघायचं असेल तर

१. मुलांच्या घरात खरोखर चर्चेत असलेली निवड घ्या. सायकल, मोबाइल, म्हैस की गाय, काहीही चालेल.

२. मुद्दे आणि गुण सगळ्यांनी मिळून ठरवा. वजनं मात्र प्रत्येकानं आपापल्या वहीत, दुसऱ्याला न दाखवता लिहावीत.

३. बेरजा करा. गुण तेच असून उत्तरं वेगळी का आली, यावर बोला. खरा धडा इथंच आहे.

४. शेवटी घरी जाऊन, ती वस्तू वापरणाऱ्या पण चर्चेत नसलेल्या एका माणसाला विचारून यायला सांगा. बहुतेक वेळा ती आजी किंवा आई असते.

आता गाडीला काही महिने झाले. परवा इंजेक्शनहून परत येताना घोडेगावच्या पुढं आम्ही उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो होतो. समोरून एक लाल, बुटकी, उतरत्या पाठीची गाडी सुसाट गेली. मी आरशात वळून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "चांगली होती की रं गाडी."

"हो आई," मी म्हणालो. "फार चांगली होती."

ती ट्रॉलीवरच्या उसाकडं बघत होती. म्हणाली, "ह्यो ऊस लवकर तुटला बघ औंदा."